समुद्राच्या पाण्याचा जमाखर्च

मीठ म्हटले की आपणांपुढे मिठागरे व रखरखीत ऊन उभे राहते. जपानात पाऊस फार, हवा दमट. उन्हाचा भरवसा नाही. म्हणून त्या देशाने १९७२ साली मिठागरांची रीत मोडीत काढून समुद्रजल विजेच्या हवाली केले.

एक पडदा धनभारित कणांनाच वाट देणारा, दुसरा ऋणभारित कणांनाच. असे शेकडो पडदे आळीपाळीने उभे करतात. वीज सोडताच सोडियम एकीकडे व क्लोराइड दुसरीकडे ओढले जाते. एकाआड एक कप्प्यात खारटपणा दाटतो, शेजारचे पाणी निवळते. दाटलेले पाणी मग आटवावयाचे. आटवण्याचे इंधन वाचते, हीच खरी बरकत.

बॅटऱ्यांमुळे लिथियमला भाव आला, तेव्हा तेही असेच काढावे, असे बोलले जाते. येथे मात्र आम्ही खातेवही उघडतो. हजार लिटर समुद्रजलात मीठ सुमारे २७ किलो. लिथियम जेमतेम १७० मिलिग्रॅम! शिवाय सोडियम व लिथियम यांचा विद्युत्भार सारखाच; साधा पडदा त्यांत निवड करीत नाही. निवड करणारे पडदे संशोधक घडवीत आहेत खरे, परंतु एवढे पाणी उपसण्याची वीज कोणाच्या नावे लिहावी? मीठ उचलल्यावर मिठागरात उरणाऱ्या कडवट पाण्यात हा माल पुष्कळ दाटलेला असतो. सौदा करावयाचा तर आम्ही प्रथम त्या पाण्याचा करू.