अक्षर टिकवायचं कसं? महाविद्यालय, फाइल आणि फॉन्ट

महाविद्यालयात संगणक आले की पहिला प्रश्न येतो, ‘ऑफिसचं सॉफ्टवेअर कोणतं टाकायचं?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आपण लिहिलेलं कुणाकुणाला वाचता आलं पाहिजे आणि किती वर्षं? एखाद्या विद्यार्थिनीचा मराठी प्रबंध वीस वर्षांनी कुणी उघडला, तर तो वाचता यायला हवा की नको? मग आधी फाइलीचा फॉरमॅट ठरवा, सॉफ्टवेअर नंतर.

फॉरमॅट म्हणजे एक संकेत. मजकूर, तक्ते, तळटीपा फाइलीत कशा नोंदवायच्या, त्याचे नियम. वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइलीचे नियम बराच काळ कंपनीच्याच हातात होते. इतरांनी ती फाइल उघडायची ती अंदाजानं. 2006 साली ‘ओपन डॉक्युमेंट’ हा खुला संकेत आंतरराष्ट्रीय मानक झाला. ‘ओडीटी’ फाइल त्यातलीच. वर्ड 2007 बरोबर आलेल्या ‘डॉकएक्स’च्या संकेताला 2008 मध्ये तसाच दर्जा मिळाला. त्या मतदानात भारत विरोधात होता, बरं का. आज या दोन्ही फाइली वर्डमध्येही उघडतात आणि मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही. फार तर मांडणी थोडी हलते, तक्ता पुढच्या पानावर जातो. मजकूर मात्र शाबूत राहतो.

पण मराठीत खरी अडचण याच्याही खाली, फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तुम्हाला पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलीत इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो. फॉन्ट त्या ‘डी’ला ‘क’चा मुखवटा चढवतो, एवढंच. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. इथे फॉरमॅट कितीही खुला असो, उपयोग नाही. कारण फाइलीत मराठी नव्हतंच. मराठीचा भास होता.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर तोच. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. आता कुणी म्हणेल, ‘सर, आम्ही पीडीएफ करतो, मग काय अडलं?’ पीडीएफ दिसायला नीट असते, मान्य. पण जुन्या फॉन्टची असेल तर त्यात ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द शोधून पाहा. सापडणार नाही. डोळ्यांना वाचता येणारा प्रबंध संगणकाला वाचता येत नाही. अंध विद्यार्थी ज्या वाचक-सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो, ते तर निरर्थक अक्षरंच बोलून दाखवेल.

तेव्हा महाविद्यालयानं काय करावं? नवं लेखन सगळं युनिकोडमध्येच. ज्यावर अजून काम चालू आहे त्यासाठी ‘ओडीटी’ किंवा ‘डॉकएक्स’ यांपैकी एकच फॉरमॅट सगळ्या विभागांनी ठरवावा. कायम जपायचं ते ‘पीडीएफ-ए’ या, खास जतनासाठीच्या प्रकारात ठेवावं. त्यात फॉन्ट फाइलीतच समाविष्ट असतो. शेजारी मूळ फाइलही ठेवावी. जुन्या फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी माणसानं तपासावी, कारण गडबड होते ती तिथेच. आणि तपासून झालं तरी जुनी प्रत पुसू नये.

हे झालं की सॉफ्टवेअरचा प्रश्न सोपा होतो. ठरलेला फॉरमॅट नीट उघडतं आणि नीट जतन करतं, विद्यार्थ्याला घरीही परवडतं, ते आपलं. विद्यार्थ्यानं निबंध द्यायचा म्हणून त्याला महागडा परवाना घ्यायला किंवा चोरीची प्रत वापरायला लावणं, हा तांत्रिक प्रश्न नाही, न्यायाचा आहे.

‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. संगणकात हा गुण आपोआप येत नाही. तो आपल्याला निवडावा लागतो.