प्रकाशाच्या साहाय्याने हिवतापाचा शोध

पावसाळ्यात घरातील ज्येष्ठ व्यक्तीला ताप भरतो. थंडी वाजत नाही, म्हणजे मलेरिया नसेल, अशी आपण समजूत करून घेतो. वाचकहो, उतारवयात हिवताप हुडहुडी भरवूनच येईल असे नाही. कधी केवळ ग्लानी, अन्नावरची वासना उडणे किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसते. म्हणून निदान लक्षणांवरून नव्हे, रक्त तपासूनच व्हावे.

१८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर शार्ल लाव्हराँ यांना रुग्णाच्या रक्तात हे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसले. काचपट्टीवरील रक्ताचा थेंब रंगवून, हजारपट मोठा करून पाहणे ही आजही प्रमाण तपासणी आहे. मात्र तिला चांगला सूक्ष्मदर्शक, कसलेला तंत्रज्ञ आणि वेळ लागतो. दुर्गम भागात या तिन्हींची वानवा असते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न प्रकाशाच्याच आधारे चालू आहेत. परजीवी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेल्या लोहयुक्त अंशाचे सूक्ष्म तपकिरी स्फटिक बनवतो. त्यांना हिमोझॉइन म्हणतात. चुंबक जवळ आणताच हे स्फटिक एका दिशेने वळतात आणि नमुन्यातून पार होणारा प्रकाश बदलतो. हा बदल मोजणारी लहान उपकरणे काचपट्टी न रंगवता काही मिनिटांत उत्तर देऊ शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कागदाच्या घड्यांचा ‘फोल्डस्कोप’ हा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहूनही कमी होता.

तथापि, कोवळ्या परजीवीत स्फटिक अत्यल्प असतात. त्यामुळे आजाराच्या आरंभी अशी उपकरणे फसू शकतात. तूर्त भरवसा काचपट्टी व झटपट कार्ड चाचणी यांवरच ठेवावा.

काळजीवाहकांनी एवढे जपावे. ताप येताच त्याच दिवशी, मलेरियाची कोणतीही गोळी देण्यापूर्वी, रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. अहवाल नकारार्थी येऊनही ताप टिकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी. व्हायव्हॅक्स प्रकारात प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच थांबवू नये. मात्र लघवी गडद झाल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. ग्लानी वा बडबड सुरू झाली, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपकरणे उद्या आणखी स्वस्त व अचूक होतील. रक्ताचा थेंब वेळेवर देणे मात्र आजच आपल्या हाती आहे.