बुलडोझर अडवणारा एकटा माणूस

सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांचा भाव करणाऱ्या गर्दीला सहसा ठाऊक नसतं, की ती उभी आहे त्या जमिनीचा वापर एका नकाशाने आधीच ठरवून टाकलाय. इथे घर, इथे दुकान, इथे शाळा. दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन आला १९६२ साली. त्याविरुद्ध कोणी वीट रचली, की पालिकेची नोटीस येते, म्हणणं ऐकलं जातं आणि मग पाडकामाचा आदेश निघतो.

खरी गंमत त्यानंतर आहे. आदेशात मुदत असते. दिल्ली महापालिकेच्या १९५७ च्या कायद्यानुसार ती पाच ते पंधरा दिवसांची. तेवढ्यात अपील न्यायाधिकरणाकडे धाव घ्यायची. हे न्यायाधिकरण म्हणजे काळ्या कोटांची मोठी फौज असेल असं वाटतं. पण कायद्याच्या लेखी ते एकाच माणसाचं असतं, बहुधा आजी-माजी जिल्हा न्यायाधीशाचं. हा माणूस आदेश कायम करू शकतो, बदलू शकतो, रद्द करू शकतो किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. अपील चालू असेपर्यंत बुलडोझर थांबवूही शकतो. मात्र बांधकाम अर्धवट असेल तर ‘पुढे एक वीटही रचणार नाही’ असा जामीन घेतल्याशिवाय स्थगिती नाही. कायदा लिहिणाऱ्याला दिल्लीकर बिल्डर चांगलाच माहीत असावा!

एवढी ताकद असूनही तो नकाशाला हात लावू शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१६ पासून अपील मंडळ एखाद्या भूखंडाला नियमातून सूट देऊ शकतं. अमेरिकेच्या १९२० च्या दशकातल्या नमुना कायद्यात तर पाच सदस्यांपैकी चौघांचं एकमत झालं तरच अधिकाऱ्याचा निर्णय फिरतो. दिल्लीत अशी सूट या न्यायाधिकरणाच्या हाती नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राहत्या घरांतल्या दुकानांना सील लागू लागलं, तेव्हा अनेकांना दिलासा मिळाला तो कुठल्या अपिलातून नव्हे, तर फेब्रुवारी २००७ च्या नव्या मास्टर प्लॅनने मिश्र वापराची दारं मोठी केली म्हणून.

आणखी नवल पुढेच. या न्यायाधीशाच्या निकालावरचं अपील कायद्याने दिलं होतं प्रशासकाकडे, म्हणजे सरकारी माणसाकडे! सरोजिनी नगर ज्या नवी दिल्ली नगरपालिका परिषदेत येतं, तिच्या १९९४ च्या कायद्यातही हीच उलटी शिडी. २०११ मध्ये अमरिक सिंग ल्यालपुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली आणि ही अपिलं जिल्हा न्यायाधीशाकडे वळवली. माझ्या मते बांधकाम कायद्यातला हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला मोठा निकाल.

बाजारातल्या पटरीवरच्या विक्रेत्यांची वाट वेगळी. त्यांच्या तक्रारींसाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात स्वतंत्र समिती आहे.

आपल्या महाराष्ट्रात बांधकाम परवानगी नाकारली गेली, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली राज्य सरकारकडे अपील करता येतं, ४० दिवसांत. पाडकामाबाबत, अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ते, फुटपाथ, नदीपात्र अशा ठिकाणची अतिक्रमणं त्यातून वगळली आहेत. तेव्हा दारावर कधी नोटीस चिकटलीच, तर नगरसेवकाला फोन लावण्याआधी तिच्यावरची तारीख वाचा.