शिक्का एकावर, धाक सगळ्यांना

दहिसरच्या एखाद्या सोसायटीत एकटी राहणारी, रात्रपाळी करून पहाटे परतणारी भाडेकरू आली की थोड्याच दिवसांत तिच्याविषयी कुजबुज सुरू होते. ती मेंटेनन्स वेळेवर भरते, तिच्या घरातून आवाज येत नाही, तरी ‘ती जरा तसलीच आहे’ असं लिफ्टमध्ये बोललं जातं. तसली म्हणजे कसली, हे कुणी विचारत नाही. तिच्यावर अन्याय होतो हे उघड आहे. पण ते बोलणं त्याच मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगीही ऐकत असते. आपण वेगळं वागलो तर आपल्याबद्दल काय बोलतील, हे तिला न सांगता कळतं. शिक्का बसतो एकावर, जरब बसते बघणाऱ्यांवर. समाजाला तो इतका हवासा वाटतो तो यामुळेच, असं मला वाटतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये मांडलं की ‘विचलित’पणा त्या कृतीतच नसतो; नियम करणारे आणि ते लावणारे तो माणसाला चिकटवतात. आपल्याकडे याचा लख्ख पुरावा म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवताना ‘अश्लील’ हा शिक्का त्यांना कायमचा चिकटला. त्याच आरोपावरून झालेल्या 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा होता. बाबासाहेबांनी युक्तिवाद केला, तरी कर्व्यांना दंड झालाच. कर्वे बधले नाहीत, मासिक मरेपर्यंत चालवलं. पण ज्या बाईला सतत होणाऱ्या बाळंतपणांतून सुटका हवी होती, तिने हे मासिक उघड कसं मागवायचं? नोकरी गमावलेल्या प्राध्यापकाकडे पाहून किती डॉक्टर, किती शिक्षक गप्प बसले असतील? 1952 मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी कर्वे गेले. त्यांचं म्हणणं सरकारने स्वीकारलं, पण मधली तीस वर्षं कुणाच्या शरीराने सोसली, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

यावर कुणी म्हणेल, मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापणारे कर्वे मुद्दाम डिवचत होते. होते, आणि त्या चित्रांवर वाद घालता आला असता. पण शिक्का वादाची गरजच संपवतो. चित्रांबरोबर गर्भनिरोधनाची माहितीही बाद होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समाजाला काही वागण्याला नावं ठेवावीच लागतात. बायकोला मारणाऱ्याला मारकुटा म्हणायचं नाही का? जरूर म्हणायचं, कारण तिथे कृती दाखवता येते, जिला इजा झाली ती बाई दाखवता येते आणि त्या माणसाला उत्तरही द्यावं लागतं. ‘तसली’ला यातलं काहीच लागत नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे तक्रार आली, तर कुठल्या दिवशी काय घडलं आणि त्रास कुणाला झाला, एवढं लेखी मागावं. पहाटे परतणाऱ्या त्या भाडेकरूविरुद्ध अशा अर्जात लिहायला काय सापडेल?