ईपबचा हिरवा लोगो ओळखता का?

मध्यंतरी नांदेडहून लातूरला एसटीनं निघालो होतो. शेजारी मामाचा मुलगा, फोनवर मराठी कादंबरीची पीडीएफ उघडून बसलेला. दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं, ओळ उजवीकडे सरकवायची, परत डावीकडे यायचं. लोहा येईस्तोवर त्यानं फोन खिशात टाकला. मी विचारलं, "ईपब नाही का मिळाली?" तर म्हणे, "ते काय असतंय दादा?"

आजचा एपिसोड त्याच्यासाठी.

पीडीएफमध्ये पान ठरलेलं असतं, जणू कागदाचा फोटोच. ईपबमध्ये मजकूर पाण्यासारखा वाहतो. स्क्रीन लहान असली की ओळी आपोआप तुटतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आतून बघाल तर ती चक्क एक झिप फाईल आहे. वेबपेजसारखी पानं, चित्रं आणि अनुक्रम एकत्र बांधलेला. हे २००७ मध्ये अधिकृत मानक झालं. २०१७ पासून ते वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे आहे, आणि २०२३ मध्ये ईपब ३.३ आलं. कुणा एका कंपनीची मालकी नाही.

पण गंमत इथंच आहे. मालक नाही म्हणजे जाहिरात करणाराही नाही! पीडीएफचं लाल चिन्ह पोरासोरांना माहीत आहे. ईपबलाही लोगो आहे बरं का: तिरका ठेवलेला हिरवा चौकोन, आणि त्याच्याच वळणातून तयार झालेला इंग्रजी 'ई'. खुल्या फॉरमॅटच्या लोगोचं काम अवघड असतं. तो कुठल्याही दुकानाच्या, कुठल्याही ॲपच्या लोगोशेजारी बसला पाहिजे, फोनवर नखाएवढा झाला तरी ओळखू आला पाहिजे, आणि सगळ्यांनी तोच वापरला पाहिजे.

हे जमतं का? जमतं. आरएसएसचं नारिंगी चिन्ह आठवा. ते फायरफॉक्समध्ये होतं. २००५ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आम्हीही तेच वापरणार. प्रतिस्पर्ध्यानं तेच चिन्ह घेतलं आणि ते सगळ्यांचं झालं. तुम्ही पॉडकास्ट ऐकता, त्याच्या मुळाशी हेच आरएसएस आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. लोगो फक्त फॉरमॅट सांगतो, कुलूप सांगत नाही. ईपबला विक्रेत्यानं डीआरएम लावलं असेल, तर फाईल दुसऱ्या ॲपमध्ये उघडेलच असं नाही. विकत घेण्याआधी तेवढं बघा.

आता आपल्या मराठीचं. आपली पुष्कळ पुस्तकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप झालेली. तो मजकूर तसाच उचलला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून प्रकाशक पीडीएफवरच थांबतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, मग प्रूफ तपासावं लागतं. मेहनत आहे, पण एकदाच. आणि फाईलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवली, फॉन्टमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात, हिंदीच्या नाही.

म्हणून पुढच्या वेळी ई-पुस्तक घेताना एवढंच विचारा: "ईपब आहे का?" दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी प्रकाशक स्वतःच तो हिरवा लोगो लावेल.

लातूरला उतरेपर्यंत मी भावाला एक ईपब टाकून दिली. घरी पोचल्यावर जेवायला तीनदा हाक मारावी लागली. भेटू पुढच्या भागात!