राकू चहापात्रे

जपानी चहापान-समारंभात (चा-नो-यू) वापरावयाची, चाकाविना हाताने घडविलेली मृत्पात्रे. क्योटो येथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रथम तयार झाली. तत्पूर्वी चहापानात चिनी तेन्मोकू पात्रांना व पुढे कोरियातील साध्या वाडग्यांना मान होता. चहापानाचार्य सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने साधेपणावर भर देणाऱ्या ‘वाबी’ पद्धतीस पूर्णत्व दिले आणि तीस साजेशी पात्रे चोजिरो (मृत्यू १५८९) या कारागिराकडून घडवून घेतली. त्याच वेळी रिक्यूचा आश्रयदाता टोयोटोमी हिदेयोशी याने सुवर्णमंडित चहागृह उभारले होते. त्या वैभवापुढे ही निरलंकृत काळी व तांबडी पात्रे म्हणजे एक भिन्न जीवनदृष्टीच होती. हिदेयोशीच्या आज्ञेवरून १५९१ मध्ये रिक्यूस आत्मघात करावा लागला. तथापि त्याची अभिरुची टिकली. हिदेयोशीच्या जुराकुदाई प्रासादाच्या नावाशी ‘राकू’ (सुख, स्वास्थ्य) या संज्ञेचा संबंध जोडतात. पुढे ते चोजिरोच्या परंपरेतील घराण्याचे नाव झाले.

मातीच्या चपट्या चकतीच्या कडा तळहातांच्या दाबाने वर उचलून पात्राला आकार देतात व ते काहीसे सुकल्यावर लोखंडी पात्याने तासतात. त्यामुळे काठ किंचित उंचसखल राहतो व पात्र ओंजळीत नीट बसते. काळ्या राकूच्या झिलईत कामो नदीतील दगडांची पूड वापरतात. झिलई वितळताच पात्र चिमट्याने भट्टीतून धगधगते बाहेर काढतात. एकदम थंड झाल्याने गडद काळा रंग येतो. तांबडे राकू याहून कमी तापमानावर भाजतात. सच्छिद्र मातीतून उष्णता सावकाश बाहेर येत असल्याने चहा ऊन राहतो, पण हात पोळत नाहीत. चहाचा हिरवा रंग काळ्या पात्रात विशेष खुलतो.

तिसऱ्या पिढीतील दोन्यू (१५९९–१६५६) याच्या पात्रांची झिलई चकचकीत आहे. होनामी कोएत्सू (१५५८–१६३७) याचे ‘फुजिसान’ हे पात्र जपानची राष्ट्रीय संपदा म्हणून घोषित झाले आहे. राकू घराण्यात झिलईची कृती वारसास शिकवीत नाहीत, ती त्याने स्वतः शोधावयाची असते. माती मात्र पूर्वजांनी साठविलेली वापरतात. २०१९ मध्ये सोळाव्या पिढीने वारसा स्वीकारला. क्योटो येथे १९७८ मध्ये राकू संग्रहालय स्थापन झाले.

इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच याने १९११ मध्ये जपानमध्ये राकू पाहिले व पुढे ते पश्चिमेत पोहोचविले. तप्त पात्र भुशात वा पानांत धुरावण्याची अमेरिकेत रूढ झालेली रीत मूळ जपानी तंत्राचा भाग नाही.