लाल डोळा आणि पाठदुखी

पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, की घरोघरी निदान ठरलेले असते. डोळा लाल झाला म्हणजे डोळे आले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणायचे, काळा चष्मा लावायचा आणि चार-आठ दिवस काढायचे. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतेही. पण काही लाल डोळ्यांचे दुखणे पृष्ठभागावर नसते, आत असते. या आजाराला ‘युव्हिआयटिस’ म्हणतात.

डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, तो ‘युव्हिया’. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचा पुढचा भाग. मागे हाच थर दृष्टिपटलाला अस्तरासारखा लागून असतो. या थराचा दाह म्हणजे युव्हिआयटिस.

डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखे खुपते. पण डोळा पुसला की सहसा नीट दिसते. युव्हिआयटिसमध्ये चिपडे जवळजवळ नसतात. डोळा आतून ठणकतो, उजेड सोसवत नाही, नजर धूसर होते आणि लाली बुबुळाच्या कडेने जास्त दिसते. बहुधा एकाच डोळ्याला हे होते. दाह मागच्या भागात असेल तर डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात आणि दिसणे कमी होते.

खरी फसगत थेंबांमुळे होते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांत पुष्कळदा प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली उतरते, रुग्ण थेंब बंद करतो, पुन्हा त्रास झाला की तीच बाटली काढतो. आत मात्र बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू लागते, डोळ्यातल्या द्रवाची वाट अडते आणि काचबिंदू होऊ शकतो. त्यातच देखरेखीशिवाय दीर्घकाळ टाकलेले स्टेरॉइडही डोळ्याचा दाब वाढवते, मोतीबिंदू आणते. तरीही संसर्ग नसलेल्या युव्हिआयटिसवर पहिला उपचार स्टेरॉइडचाच. फरक असतो तो मात्रेत. तीव्र दाहात सुरुवातीला तासातासाला थेंब, मग काही आठवड्यांत हळूहळू कमी, सोबत बाहुली मोठी करणारे थेंब आणि मधूनमधून दाबाची तपासणी.

हा दाह का झाला, हे शोधणे सर्वांत अवघड. म्हणूनच नेत्रविज्ञानात ‘युव्हिया’ ही वेगळी शाखा झाली आहे. नेत्रतज्ज्ञ झाल्यावर त्यासाठी आणखी प्रशिक्षण घ्यावे लागते. मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद अशा संस्थांत यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. तिथले डॉक्टर स्लिट लॅम्पखाली डोळा पाहतात आणि मग विचारतात, ‘सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?’ तिशीतल्या रुग्णाला या प्रश्नाचे नवल वाटते. पण कंबर आखडणे आणि हालचालीनंतर मोकळी होणे हे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताचे लक्षण असते. कितीतरी जणांचा हा संधिवात आधी डोळ्यामुळे कळतो. मग नेत्रतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात.

आपल्याकडे यादीत क्षयरोग कायम वरच असतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी डोळ्यात क्षय असू शकतो. लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. 1993 मध्ये मदुराई भागात पूर आला आणि त्यानंतर तिथल्या डॉक्टरांना युव्हिआयटिसचे रुग्ण एकाएकी वाढलेले दिसले. शोध घेतल्यावर कारण निघाले लेप्टो. ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोळा बिघडतो. त्यामुळे कोकणात भातशेतीत राबणाऱ्या किंवा मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसाने डॉक्टरांना तो जुना ताप आठवणीने सांगावा.

संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर, आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या किंवा अडॅलिमुमॅबचे इंजेक्शन देतात. अडॅलिमुमॅबला अमेरिकेत या आजारासाठी 2016 मध्ये मान्यता मिळाली. हे औषध शरीरात दबून बसलेला क्षय जागा करू शकते, म्हणून आधी क्षयाची चाचणी करतात. ही चाचणी कोणी टाळायला सांगितली तरी टाळू नये.

लहान मुलांची गोष्ट आणखी निराळी. बालवयातल्या संधिवातात युव्हिआयटिस होतो तेव्हा डोळा बहुधा लालही दिसत नाही आणि मूल तक्रारही करत नाही. आईवडिलांच्या लक्षात येते तोवर नजर गेलेली असू शकते. गुडघा सुजलेल्या मुलाला बालरोगतज्ज्ञ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात ते यासाठी. धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पची तपासणी करावी लागते, आणि तीही काही वर्षे.